पायासकट फोटो

पोलादपूर,
८ जुलै १९७९

चि. मंजुळा,

सप्रेम जयभीम. खुशाली मागून लिहितो, आधी बातमी. तुझा आतेभाऊ मुरारी, पंचायत समितीतला कारकून, जानेवारीत लंकेला चालला आहे. तू हसणार हे ठाऊक आहे, म्हणून एक ओळ मोकळी सोडतो.

हसून झालं असेल तर पुढे वाच. महाड-पोलादपूरच्या आमच्या उपासक मंडळानं यात्रा ठरवली आहे. रेल्वेनं रामेश्वरम, तिथून बोटीनं पलीकडे, मग अनुराधपूरचा बोधिवृक्ष, कँडी आणि पोलोन्नरुवा. रामजी गुरुजी आमचे पुढारी. पासपोर्टाचा फोटोही काढून झाला, त्यात मी चोरासारखा दिसतो असं तुझी वहिनी म्हणते. परदेश आयुष्यात एकदाच घडणार, दुसऱ्यांदा मला कोण नेतंय?

तर कामाचं बोलतो. महाडच्या हैबतराव फोटोवाल्याकडून घेतलेला जुना रशियन कॅमेरा माझ्याकडे आहे, हे तू जाणतेस. त्याला साधी लेन्स आहे. गुरुजींचा हुकूम आहे की ज्याचं ओझं त्यानंच वाहायचं, त्यामुळे सोबत आणखी एकच लेन्स नेता येईल. मला एकशे पस्तीसची लांब लेन्स हवी आहे. ती लावली की कॅमेरा कसा तोफेसारखा दिसतो, आणि कँडीचे हत्ती लांबूनच टिपता येतील. तू फोर्टातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात इतकी वर्षं काउंटरला उभी आहेस, तेव्हा सल्ला दे. सल्ला 'घे' असाच असावा ही विनंती.

आईनं एकच मागितलं आहे. पोलोन्नरुवाला आडव्या बुद्धांची मोठी मूर्ती आहे ना, तिचा फोटो. वाडीतलं नवं विहार बांधून झालं, त्याच्या भिंतीवर लावायचा आहे. "पायासकट आण रे," असं दोनदा म्हणाली. पायांचं एवढं काय ते मला कळलं नाही.

तुझा,
मुरारीदादा


मुंबई,
१९ जुलै १९७९

प्रिय मुरारीदादा,

तुला, वहिनीला जयभीम. आत्याला माझ्याकडून वेगळा, मोठा.

मोकळी ओळ पुरली नाही, समासातही हसले. पण आनंद खरा झाला. दुकानात सगळ्यांना सांगितलं, आमचा दादा लंकेला चालला. मालक म्हणाले, मारुतीनंतर पहिलाच का? मी म्हटलं, तो शेपटी घेऊन गेला होता, आमचा तोफ घेऊन जाणार आहे.

दादा, परदेशी निघालेला प्रत्येक साहेब आमच्याकडे येऊन लांब लेन्स मागतो. परत आल्यावर कौतुकानं फोटो दाखवायला आणतो. त्यात मनोऱ्याचा एक कोपरा असतो आणि बायकोचा एक कान. लांब लेन्स लांबचं जवळ आणते खरी, पण त्या बदल्यात दाखवते थोडंसंच. तुला हवी आहे रुंद लेन्स, अठ्ठावीसची. ती दिसायला बुटकी असते. लोक वळून बघणार नाहीत. पण समोरचं सगळं तिच्या पोटात मावतं.

पटत नसेल तर एक काम कर. हैबतरावांची लांब लेन्स तासभर उसनी माग आणि पोलादपूरच्या स्टँडवर जा. महाबळेश्वरची गाडी लागली की माणसं उभी राहतात तेवढ्या अंतरावर उभा राहा आणि अख्खी गाडी फोटोत घेऊन दाखव. ती मूर्ती आपल्या एस.टी.पेक्षा लांब आहे, असं पुस्तकात वाचलं. शिवाय ती कातळात कोरलेली आहे, तेव्हा 'जरा मागे घ्या' असं कुणाला सांगता येणार नाही. तू मागे सरकशील तर पुढे लोकांची डोकी येतील, आणि त्यात गुरुजींचं टक्कल सर्वांत आधी.

तुझी,
मंजुळा


पोलादपूर,
१२ ऑगस्ट १९७९

चि. मंजुळा,

जयभीम. तुझं ऐकून स्टँडवर गेलो आणि माझी शोभा झाली.

गाडी लागली. लेन्स लावून डोळा लावला तर मागचं चाक आलं. पण काय सुंदर आलं म्हणून सांगू, एकेक नट दिसत होता. दोन पावलं सरकलो तर पुढचं चाक आलं. तेवढ्यात ड्रायव्हर खाली उतरला, मला हाताला धरून कँटीनला घेऊन गेला आणि चहा पाजला. मला कळेना. शेवटी हळूच म्हणाला, "साहेब, टायर गुळगुळीत झालाय ते मी डेपोला कवाच कळवलंय. माझं नाव नका घालू." त्याला वाटलं मी तपासणीला आलोय. मी चहा पिऊन घेतला. खरं सांगितलं असतं तर त्याला जास्त वाईट वाटलं असतं.

तेव्हा गाडी मावत नाही हे कबूल. पण मी असा विचार केला की आईला अख्खी मूर्ती घेऊन काय करायचंय? तिला दर्शन हवं. दर्शन म्हणजे चेहरा. लांब लेन्सनं चेहरा असा जवळ येईल की मिटलेल्या पापण्या दिसतील. पायांचं ती सहज बोलली असेल. तिला फोटोतलं काय कळतं? स्वतःचा फोटो तर तिनं आजवर काढू दिला नाही. कॅमेरा दिसला की लाजून पदर ओढून आत जाते.

असो. अजून विचार चालू आहे. मी घाई करणाऱ्यातला नाही.

तुझा,
मुरारीदादा

(पत्राच्या घडीवर, वेगळ्या अक्षरात)
वन्सं, जयभीम. पत्र चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून लिहिते. विचार कसला आणि काय, एकशे पस्तीस गेल्या शनिवारीच कपाटात येऊन बसली. रोज रात्री जेवल्यावर पुसतात. माझ्या दागिन्यांना कधी एवढं पुसलं नाही. — चंद्रभागा


मुंबई,
३० ऑगस्ट १९७९

प्रिय दादा,

वहिनीला सांग, पत्र फार छान चिकटलं होतं.

तुझा विचार संपला असेल तेव्हा कळव. तोवर तोफेची काळजी घे. आपल्याकडचा पावसाळा भिंगाला वाईट. चामड्याच्या डब्यात घालून कपाटात ठेवलीस तर आतून बुरशी धरेल, आणि मग तुझ्या हत्तींना लंकेत जटा येतील. डब्यातून काढ आणि कोरड्या जागी ठेव.

आता थट्टा पुरे. आत्या पायासकट का म्हणाली ते तुला खरंच ठाऊक नाही का?

धोंडूमामांचा, म्हणजे तुझ्या वडिलांचा, तुमच्या घरात एकच फोटो आहे. गोदीतल्या कामगारांचा, सगळ्या टोळीचा. मामा अगदी कडेला उभे होते. जागा अरुंद, फोटोवाला जवळ उभा, त्याच्या कॅमेऱ्यात शेवटचा माणूस मावला नाही. मामांचा एक खांदा आला, एक कान आणि अर्धं तोंड. तू तो पाहिला असशील, पण बहुतेक लहानपणी, कारण आत्या तो पेटीच्या तळाशी ठेवते.

मामा गेले तेव्हा तू साताऱ्याला वसतिगृहात होतास. तू पोचलास तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानंतर महिनाभरानं आत्या तो फोटो घेऊन महाडला गेली. मी सोबत होते, दहाएक वर्षांची. एका स्टुडिओत तिनं तो टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "ह्यातला उरलेला मानूस काढून द्या." तिला वाटत होतं, फोटो मोठा करतात तसा तो पुढे वाढवताही येत असेल. फोटोवाला बिचारा चांगला होता, हसला नाही. म्हणाला, "बाई, जे आत आलंच नाही ते मी कुठून काढू?" परतताना वाडीच्या फाट्यावर उतरल्यावर मला म्हणाली, "अर्दा मानूस भिंतीला लावत न्हाईत गो."

कॅमेरा दिसला की ती आत जाते ते लाजून नव्हे, दादा. आणि तिला पापण्या नकोत. तिला एकदा तरी अख्खा माणूस हवा आहे.

तुझी,
मंजुळा


पोलादपूर,
१४ ऑक्टोबर १९७९

चि. मंजुळा,

जयभीम. उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र वाचून मला फार वाईट वाटलं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. त्यानंतर कितीदा तरी आईजवळ जाऊन बसलो, आणि दरवेळी भाताच्या लोंब्यांबद्दल बोलून उठलो. आपल्या घरात बोलायची हीच रीत.

आता तोफेचं ऐक. तुझ्या पत्रातलं 'कोरड्या जागी ठेव' एवढं वाक्य तुझ्या वहिनीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. आई ऐकत होती. आमच्या घरात पावसाळ्यात कोरडी जागा एकच, चुलीवरची फळी. काड्यापेट्या तिथे, बियाणाचं गाडगं तिथे, सुके बोंबील तिथे, माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेटसुद्धा तिथेच. मी कचेरीत असताना आईनं लेन्स मऊ फडक्यात बांधली आणि बोंबलांच्या शेजारी ठेवून दिली. मला सांगितलं, "जपून ठेवलीय." मीही विचारलं नाही कुठे, कारण माझं मन दुसरीकडेच होतं.

दसऱ्याला काढली. बुरशीचा ठिपका नाही, त्याबद्दल आईला पैकीच्या पैकी मार्क. पण धग लागून आतलं ग्रीस वितळलं आणि उजेड कमीजास्त करणाऱ्या पात्या एकमेकींना अशा चिकटल्या की हलेनात. हैबतरावांकडे नेली. त्यांनी उघडली, नाकाशी धरली आणि म्हणाले, "मुरारीभाऊ, ही कॅमेऱ्याला नका लावू, कालवणात टाका."

घरी येऊन मी जरा आवाज चढवला. आई म्हणाली, "कोरडं ठेवा म्हनून पत्रात लिवलंय ना? बोंबलाला कदी बुरशी आली का रे आपल्याकडं?" तिनं मुद्दाम केलं असेल असा संशय मला येतो, पण तिच्या तोंडाकडे बघून काही कळत नाही.

अठ्ठावीसची मिळेल का? हसू नको. किंवा हस, पण मिळव.

तुझा,
मुरारीदादा


मुंबई,
२ डिसेंबर १९७९

प्रिय दादा,

तुझं पत्र दुकानात वाचलं, ही चूक झाली. एका गिऱ्हाइकाला फ्लॅश दाखवता दाखवता 'बोंबील' म्हणाले.

वाडीचा कोंडाजी उद्या गावी येतोय, त्याच्याजवळ अठ्ठावीस देते आहे. चामड्याच्या डब्यातून काढून दिली आहे, चुलीपासून लांब ठेव. ही दुकानातली नाही, माझी आहे. इतकी वर्षं लोकांना परदेशी न्यायच्या लेन्सा विकल्या, तेव्हा एक स्वतःसाठीही घेतली होती. नेली कुठे? राणीच्या बागेत. हिच्यातून वाघ मांजराएवढा दिसतो, त्यामुळे पुढे कुठे नेली नाही. तुझ्याबरोबर तिचा तरी परदेश होऊ दे.

नीट ऐक. माणसांच्या फार जवळ जाऊ नको, ही लेन्स नाकं वाढवते. कॅमेरा सरळ धर. मूर्तीपुढे घाई करू नको. आधी डोकं बघ, मग पाय बघ, दोन्हीकडे थोडी मोकळी जागा सोड, मगच दाब. गुरुजी ओरडले तर ओरडू देत.

निवडणुकीची ड्युटी संपवून निघणार ना? मतपेटीचा फोटो काढून फिल्म संपवू नको.

तुझी,
मंजुळा


पोलोन्नरुवा,
२४ जानेवारी १९८०

चि. मंजुळा,

जयभीम. कार्डावर जागा थोडी, म्हणून मोजकं लिहितो. आज दर्शन झालं. चपला काढून पुढे गेलो आणि काही वेळ कॅमेरा काढायचं सुचलंच नाही. दगड एवढा शांत असू शकतो हे मला माहीत नव्हतं. गुरुजी मागे उभे राहून सगळ्यांना काहीतरी समजावत होते, मी एक अक्षर ऐकलं नाही. डोळा लावला. डोकं आलं, उशी आली, हात आला, पाय आले. दोन्हीकडे मोकळी जागा. पुन्हा डोक्यापासून बघितलं, मग दाबलं. तीन काढले. काय उमटलं असेल ते तूच बघ. फिल्मचा रोल मोज्यात गुंडाळून ठेवला आहे. आईला सध्या काही सांगत नाही.

मुरारी


मुंबई,
१६ फेब्रुवारी १९८०

प्रिय दादा,

गावी परतताना तू दुकानात रोल ठेवून गेलास तेव्हापासून दुकानातला धुलाईवाला माझ्यावर चिडलेला आहे. मोज्याचा वास अजून त्याच्या खोलीत आहे म्हणतो.

आधी बाकीचे फोटो. रामजी गुरुजींच्या अगदी जवळ जाऊन तू चार काढलेस. त्यांचं नाक आधी लंकेला पोचलं, गुरुजी मागून आले. ते त्यांना दाखवू नकोस, पुढच्या यात्रेतून तुझं नाव कापतील. हत्ती उंदराएवढा आहे, पण आहे पूर्ण.

आता तो फोटो. तिनातले दोन हलले आहेत. तिसरा स्थिर आहे, दादा. काळोख्या खोलीत कागदावर तो हळूहळू उमटत गेला आणि मी पायांची वाट बघत उभी राहिले. सगळे आले. मोठा करून, जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कोंडाजीबरोबर पाठवते आहे.

एक गोष्ट सांगायला हवी. पाय बघ. दोन्ही पाय एका रेषेत नाहीत, वरचा जरा मागे सरकलेला दिसतो. रुंद लेन्स कडेची वस्तू ओढते आणि पाय नेमके कडेलाच आहेत. लेन्स मी निवडली, म्हणजे दोष माझाच. दुसऱ्या कुणाच्या नजरेला येणार नाही, पण आत्याच्या येईल. या एका पायापायी तिला पुन्हा ते महाडचं आठवू नये, एवढीच मला धास्ती आहे. दोन रात्री नीट झोप नाही. तिला समजावून सांग, माणूस अख्खा आहे, खोट काचेची आहे.

तुझी,
मंजुळा


पोलादपूर,
९ मार्च १९८०

चि. मंजुळा,

जयभीम. फोटो सुखरूप पोचला. कोंडाजीनं तो एस.टी.त मांडीवर घेऊन आणला, टपावर ठेवू दिला नाही.

विहारात सगळी वाडी जमली होती. गुरुजीही आले होते, नाक नेहमीएवढंच होतं. मी फोटो भिंतीला टेकवला आणि तू सांगितलंस तसं आईला म्हणालो, "आई, पायाकडं जरा खोट आहे. ती काचेची आहे, मनावर घेऊ नको." तिनं माझ्याकडे लक्ष दिलं नाही. जवळ गेली, डोक्यापासून बोट न लावता हात फिरवत पायांपर्यंत आली आणि तिथे थांबली. वाकून वरचा पाय निरखला.

मग म्हणाली, "खोट नाय रे ही. ह्ये झोपल्यालं नाय, गेल्यात. झोपल्या मानसाचं पाय जुळून ऱ्हात्यात. जीव गेला का वरचा पाय असा मागं सरतो. तुझ्या बाचा असाच सरला व्हता. म्या हातानं पुन्ना सारका केला, तरी सरला."

मग गुरुजी हळूच म्हणाले, "बरोबर आहे. मूर्ती महापरिनिर्वाणाची आहे, पाय मुद्दाम तसे कोरलेत. हे मी तिथे सगळ्यांना सांगितलं होतं. मुरारी तेव्हा कॅमेऱ्यात तोंड घालून बसला होता." तेव्हा तू शांत झोप. तुझ्या काचेत खोट नाही, माझ्या कानात आहे.

त्या संध्याकाळी आईनं पेटीच्या तळातून गोदीचा फोटो काढला आणि मला जवळ बसवून सगळं सांगितलं. वडील कसे गेले, शेवटी काय मागितलं, माझं नाव कितीदा घेतलं. एवढी वर्षं मी तिला विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. मी रडलो, हे तुला लिहायला लाजत नाही. आता तो अर्धा फोटोही आमच्या घरच्या भिंतीवर आहे. तिनंच लावायला सांगितला. म्हणाली, "उरलेला मानूस मी बगितलाय. लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात येऊन उभी राहिली. नवं लुगडं, पायात काही नाही. म्हणाली, "काढ." मी धावत कॅमेरा आणला, तुझी बुटकी लेन्स लावली. डोळा लावला तोच तिनं विचारलं, "पाय आलं का?"

"आले."

"नीट बग."

मी नीट बघितलं आणि मग दाबलं. रोल सोबत पाठवतो. तू स्वतः धू. या वेळी मोज्यात नाही.

तुझा,
मुरारीदादा

(पत्राच्या घडीवर, चंद्रभागाच्या अक्षरात)
वन्सं, आत्याबाई सांगतायत तसंच्या तसं लिहिते: मंजुळे, तुझं भिंग हितंच हाय. चुलीवर नाय ठेवलं, तांदळाच्या डब्यावर ठेवलंय. कोंडाजीसंगं धाडनार नाय. तू ये न्यायाला. लोकांचं फोटो धुतीस, पन तुझा एक बी फोटो नाय आमच्या घरात. अंगनात उबी कर्ते तुला, पायासकट.